उघडा तळहात

४ मार्च
आलो एकदाचा, आणि काम म्हणजे नुसती चैन! गच्चीवरच्या घरगुती दुर्बिणीच्या दोन सर्व्हो मोटरी जुळवायच्या, राहणं-जेवण घरमालकीण काकूंकडेच. दुर्बीण आणि तिचा लोखंडी स्टँड त्यांच्या यजमानांनी भंगारातून बनवला. ते मागच्या वर्षी गेले. खालची मोटर दुर्बीण आडवी फिरवते, वरची वर-खाली करते. ताऱ्यामागे सरकायचं आणि कुणी धक्का दिला तर मुकाट जागेवर परत यायचं, एवढंच त्यांचं काम. खोली लख्ख, चादरीला इस्त्री. फोनवर बायको म्हणाली, साबणालाही साबण लावणाऱ्या माणसाला अखेर घर मिळालं म्हणायचं.

५ मार्च
खालची मोटर जागच्या जागी थरथरते. जोर वाढवला की लटपटते, कमी केला की ढिम्म. आमचे उस्ताद म्हणायचे, मीटर खोटं बोलेल, तळहात नाही. म्हणून हातमोजा काढला आणि उघडा तळहात मोटरीवर ठेवला. शी! कोमट होती, ओलसर. फटीतून पिवळट ग्रीस पाझरत होतं. वास जखमेवरून कित्येक दिवस न सोडलेल्या, कुजक्या पट्टीचा. काकू म्हणाल्या, ह्यांनी घरीच बनवलेलं आहे. कशाचं, ते विचारायची हिंमत झाली नाही. ताटावर बसलो आणि तसाच उठलो.

७ मार्च
हाताचं ग्रीस जात नाही. रॉकेल झालं, राख झाली, चुना झाला. बोटांच्या बेचक्यांतला थर खरवडला की खालून पुन्हा पाझरतो. काम मात्र झकास! खालची मोटर गप्प झाली. ढकलली की अलगद परत येते. काकूंनी तिला कुरवाळलं आणि म्हणाल्या, ह्यांना आता बरं वाटतंय. म्हातारी सरकली आहे, असं मनात म्हणून सोडून दिलं. वरच्या मोटरीला हलका हात हवा, असं त्या म्हणाल्या. मी मूर्ख! बायको मोटरीची वाइंडिंग भरते, तिच्यासारखा हात शोधून सापडणार नाही, अशी फुशारकी मारली. वर तिला फोनही केला. रविवारी येते म्हणाली.

८ मार्च
गिअरबॉक्स उघडला. कुठून दुर्बुद्धी सुचली! दात्यांत पांढरे केस अडकलेले. ग्रीसखाली मांस, गुलाबी, हिरडीसारखं चाकांना बिलगलेलं. त्यात एक नख. करंट बंद होता, तरी ते नख हललं. मी तिथेच ओकलो. काकूंनी शांतपणे पुसून घेतलं आणि मलाच दटावलं, की ह्यांना असं उघडं टाकू नये, बाधतं.

९ मार्च
बॅग भरून निघालो. उजव्या हाताने जिन्याचा कठडा धरला, तो सोडेचना. गच्चीकडे वळलो तेव्हा सुटला. डाव्या हाताने त्याला बाजूला ढकललं — अलगद परत आला. मोटरीसारखाच. तळहातावर पांढरे केस उगवलेत. माझाच हात, आणि त्याचीच किळस — ह्याच हातावर पोट आहे माझं. तोडावासा वाटतो.
फोन लावायला गेलो, तर त्याने फोन पाण्याच्या टाकीत टाकला. उद्या रविवार. तिला कसं अडवू —

१० मार्च
ओरडायला गेलो, तोंडात ग्रीस आलं. कोमट. गिळलं गेलं — शी, शी —
डाव्या हाताने लिहायला घेतलं, तर उजव्याने मनगट पिरगळून मोडलं. आता हाच लिहितो. त्याच्या मनात असेल तोवरच मला लिहू देतो.

फाटकाशी ती. हत्यारांची पेटी घेऊन. वर बघतेय, हसतेय. काकू खाली गेल्या —
ह्याच पानावर चिठ्ठी लिहून खिडकीतून टाकतो. जिना चढू नकोस, एवढंच लिहायचं —

लवकर वर ये. तुझ्याच हाताचं काम आहे. हातमोजे काढून ये.

नाही! हे मी नाही लिहिलं — आता पान फाडणार तो — खिडकी उघ