डब्यावर शून्य लिहिलंय

४ ऑक्टोबर
काटा ९७! डॉक्टर म्हणाले, ८५ च्या खाली या, मगच तुमची किडनी भावाला देता येईल. मुदत डिसेंबरअखेर. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं, अडलंय ते माझ्या पोटावर. आणि मिशारी! आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घेणारा माझा धाकटा भाऊ म्हणतो काय — "मुनीरा, मी किडनी मागितली होती, अख्खा उंट नाही!"
हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

९ ऑक्टोबर
दिवसाला चाळीस ग्रॅम कार्ब्स, बस. जमइयाच्या सहकारी दुकानात दीड तास डबे उलटेपालटे करत उभी होते. पुढे ठळक "साखर नाही", मागे बारीक अक्षरात कार्ब्स वीस! चोर लेकाचे. शेवटी चहासाठी बिनसाखरेच्या गोडीचा मोठा डबा घेतला. दिसायला साखरेसारखेच दाणे, पण कार्ब्स शून्य. दिवसाला दहा कप, कपात तीन चमचे — चहा काही मला सुटायचा नाही.

३ नोव्हेंबर
९०!! यम्मानं आता स्वयंपाकघर स्वतःकडे घेतलंय. चहासुद्धा तीच करून देते. "आईच्या हातचं खाऊन कुणी जाड झालंय का?"

२० नोव्हेंबर
९१. कसं शक्य आहे? चूक माझीच असणार. अमेरिकन डब्यावर फायबर कार्ब्समध्ये धरलेलं असतं, ते वजा करायचं. युरोपच्या डब्यावर आधीच वगळलेलं असतं. मी दोन्हीकडे वजा करत होते. अडाणी! उद्यापासून तीसच ग्रॅम.

६ डिसेंबर
९२. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, लपून खाता का?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिशारी बाहेर बाकावर बसला होता, पाय सुजलेले. किती भरलं, ते त्यानं विचारलंच नाही.

७ डिसेंबर
मला भीती वाटते. भुलीतून उठलेच नाही तर? माझ्या मुलींचं काय? हे कुणाला सांगणार!

१३ डिसेंबर
गोडीच्या डब्यात मुंग्या. दोन महिन्यांत एक मुंगी त्याच्याकडे फिरकली नव्हती! बोट लावून चाखलं. साखर. साधी साखर.
यम्माला विचारलं. तिनं नजरही चुकवली नाही.
"हो, मीच भरली. त्याला अल्ला नेतोय. तुलाही मी माझ्या हातानं त्या टेबलावर निजवू?"
"यम्मा, तो मरेल!"
"मला सांगतेस? त्याला जन्म मी दिलाय."
आणि पुन्हा मसूर निवडायला बसली. डबा उद्याच केरात टाकणार.

१४ डिसेंबर
टाकला नाही. सकाळचा चहा आज माझा मीच केला. मुंग्या बाजूला सारल्या आणि तीन चमचे घातले.