क्लेल कोम्ब्जचं नख

ती. ओमाताईस,

धाकट्या आर्लीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डेटनला फार उकाडा आहे असं रेडिओवर ऐकलं, तेव्हा उगाच जिने चढू नकोस. इथे वेस्टा ठणठणीत आहे. माझं पोट तसंच. झोप मात्र पार उडाली आहे, आणि कारण ऐकलंस की तुझीही उडेल. आधी खुर्चीत बस.

जत्रेतल्या स्पर्धेच्या आठवड्यातच माझं नख गेलं. उजव्या तर्जनीचं. काकवीच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं (वेस्टा म्हणाली होती, चमचा घ्या; तिचं म्हणणं मला नेहमी नंतर पटतं). आपल्या घराण्याचा बँजो नखावर उभा आहे हे तुला सांगायला नको. नखाची पाठ तारेवर खाली मारायची आणि अंगठा आखूड तारेवर टेकवून सोडायचा. बाबा म्हणायचे, वर ओढायची ती विहिरीची बादली, तार नव्हे. ओढ्यापलीकडचे कोम्ब्ज लोक अंगठ्यात आणि दोन बोटांत पत्र्याच्या टोप्या चढवून तारा वर उपसतात, त्याला बाबा ‘पत्र्यावर सोडलेल्या कोंबड्या’ म्हणायचे. बाबा गेल्यापासून खालच्या माराच्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत दरवर्षी आपल्याच घरात आली. ती गेली तर बाबांचं मागे काय उरणार? एक हॅट, तीही कसर लागलेली.

म्हणून वेस्टाने मला गाडीत कोंबून गावातल्या बायकांच्या खोट्या नखांच्या दुकानात नेलं. (भिंती गुलाबी, खुर्च्या गुलाबी, मी हॅट डोळ्यांवर ओढून घेतली.) दुकान चालवणाऱ्या लानबाईने माझी बोटं कोमट पाण्याच्या वाटीत बुडवली आणि विचारलं, “आजोबा, चौकोनी की गोल?” मी म्हणालो, “बँजोचं.” ती म्हणाली, “मग या काकांसारखंच करते.”

मी शेजारी पाहिलं. ताई, शेजारच्या खुर्चीत क्लेल कोम्ब्ज बसला होता. चर्चचा डीकन, टोपीवाल्यांचा म्होरक्या, आणि त्याचाही हात वाटीत. टोप्या घालणाऱ्याला नख कशाला? टकल्याने कंगवा घ्यावा तसं ते.

“आर्ली, घरी बोलू नकोस,” तो हळूच म्हणाला. “बायकोला वाटतंय मी दात दाखवायला आलोय.”

“तू खालचा मार मारतोस?”

“तुझाच मारतो. तुझ्या ओसरीवरचं सगळं आमच्याकडे ऐकू येतं. दिसत नाही तेवढंच, म्हणून बोट कोणतं ते अंदाजाने धरलं.”

आणि त्याने वाटीतून मधलं बोट वर काढून मला दाखवलं. (मनात काही वाईट नव्हतं, पण लानबाईने मान फिरवली.) आपला मार, तोही मधल्या बोटाने. वर म्हणतो, यंदा स्पर्धेत नाव दिलंय. मी आधारासाठी वेस्टाकडे पाहिलं, तर ती आपली नखं फुंकत म्हणाली, “क्लेल, तुझा अंगठा जरा उशिरा पडायचा. आता छान पडतो.” इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या अंगठ्याबद्दल तिने अवाक्षर काढलेलं नाही.

जत्रेत परीक्षक पडद्यामागे बसतात. त्यांना वाजवणारा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मी वाजवलं. (नवं नख फार चकचकीत, माझं अर्धं लक्ष त्यावरच.) मग क्लेलने वाजवलं. निकाल सांगायला म्हातारा परीक्षक बाहेर आला, आणि फीत क्लेलच्या छातीला लावत म्हणाला, बाबा गेल्यापासून त्यांचा मार इतका स्वच्छ ऐकला नव्हता. मला दुसरं बक्षीस. मी टाळ्या वाजवल्या, नख जपून. तेव्हापासून हातात बँजो धरवत नाही.

कोम्ब्ज लोकांचा काही धरबंध उरलेला नाही. माणसाने आपल्या बापाच्या बोटांना धरून राहावं.

तुझा,
आर्ली

ता. क. हे डेल्फी वहिनीला सांगू नकोस. तिला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं.

ता. क. दुसरा: पत्र लिहिलं ते खरं एका कामासाठी. डेटनच्या वाद्यांच्या दुकानातून बँजोच्या पत्र्याच्या टोप्यांचा एक संच घेऊन पाठव. इथे घेतला तर संध्याकाळपर्यंत ओढ्याच्या दोन्ही काठांवर बातमी. पुढच्या महिन्याच्या जत्रेत टोपीवाल्यांच्या गटात माझं नाव आहे. तिथेही पडदा असतो.

ता. क. तिसरा: तर्जनीची टोपी घट्ट बघून घे. माझी वापरून वापरून सैल झाली होती. वेस्टा बुधवारच्या प्रार्थनेला गेली असताना वाजवता वाजवता उडाली आणि तिने घेवड्याच्या शेंगा भरून ठेवलेल्या बरण्यांपैकी एकीत पडली. कोणत्या बरणीत ते शोधेपर्यंत तिने येऊन झाकणं लावली. तेव्हापासून मी तिन्ही त्रिकाळ शेंगा खातो आहे, आणि वेस्टा सगळ्यांना सांगते की माझं पोट सुधारलं.