अपारंपरिक भावजयीची नोकरी

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचा खोकला आता बरा असेल. इकडे सगळे ठीक. तुमचे बंधू तर फारच ठीक. मी परीक्षेला बसले तेव्हापासून त्यांनी घरात काहीही शोधणं सोडलंय, वस्तू हरवली असं धरूनच चालतात.

तर मी बी.ए. झाले हे तुम्हाला कळलंच आहे (तुमचं अभिनंदनाचं पत्र वाटेत असेल). पन्नाशी उलटल्यावर पदवी मिळाली खरी, पण पुढे काय? विद्यापीठात आमच्यासारख्यांना प्रवेशापासून नोकरीपर्यंत मदत करायला एक कक्ष आहे. दारावर पाटी, 'अपारंपरिक विद्यार्थी साहाय्य कक्ष'. आयुष्यभर जुन्या वळणाची म्हणून बोलणी खाल्ली आणि आता पाटी लावून अपारंपरिक! मी पाटीखाली उगाच थोडा वेळ उभी राहिले.

आत मार्गदर्शक म्हणजे आमच्या धाकटीच्या वयाची पोर. इतकी वर्षं काय केलंत, म्हणाली. म्हटलं, शाळांचे गणवेश शिवले, हाताखाली चार बायका सांभाळल्या, पालकांशी भांडले. तिने लिहिलं, 'कारकिर्दीत खंड'.

"अगं, खंड कसला? जेवायला वेळ नसायचा मला."

"काकू, पगाराची पावती नाही ना? मग खंडच."

शेवटी माझी दया येऊन तिने 'वस्त्रनिर्मिती प्रक्रियेचे नेतृत्व' असं घातलं. वाचून मलाच त्या बाईची भीती वाटली. मग आत्मविश्वासाचा वर्ग. आरशासमोर उभं राहून हसत म्हणायचं, 'मी एक संधी आहे.' आमच्यातल्या एका निवृत्त बस कंडक्टरांनी ते इतक्या खड्या आवाजात म्हटलं, की आम्ही सगळे आपोआप पुढे सरकलो.

अखेर एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. कामगार कल्याण विभाग, जागा एकच. बाहेरच्या बाकावर बघते तर आमची मार्गदर्शक! चेहरा पांढराफटक. तिची कक्षातली नोकरी कंत्राटी, मुदत संपत आलेली, म्हणून तीही रांगेत. "काकू, मला काहीच आठवत नाहीये हो," म्हणाली. आम्हाला हस्तांदोलन शिकवणाऱ्या पोरीचे हात बर्फासारखे गार. त्यात कोटाची बाही खांद्यावर उसवलेली. वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं, एक क्षण वाटलं, राहू दे तशीच. जागा एकच होती. मग पर्समधून सुई काढली आणि तिच्या अंगावरच टाके घातले. (हललीस तर टोचेल, म्हटलं, त्या भीतीनेच ती शांत झाली.)

मला आत विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? मी म्हटलं, तुमच्या खुर्चीत; तोवर तुम्ही निवृत्त व्हालच की. साहेब हसले नाहीत.

नोकरी तिला लागली. मी आठवडाभर त्या टाक्यांना बोल लावत बसले. मग तिचा फोन. तिची कक्षातली खुर्ची रिकामी झाली होती आणि तिने प्रमुखांपुढे माझं नाव टाकलं होतं. मी गेले, आणि लागले! आता मी मार्गदर्शक, तशीच कंत्राटी. कक्षाच्या अहवालात 'दोघींना यशस्वीपणे रोजगार' असं छापलंय, फोटोसकट. एक कक्षातून सुटली आणि दुसरी कक्षात अडकली, एवढं छापायला बहुधा जागा उरली नसावी.

तिकडे थोरांना नमस्कार सांगा. लहान मुलं ऐकतील तेवढे आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. महिनाअखेर नवे विद्यार्थी पुरेसे जमले नाहीत तर कक्ष बंद होणार, म्हणजे मीही घरी. तुमचं शिक्षण दहावीनंतर सुटलं याची हळहळ मला पहिल्यापासून आहे (सोमवारी हे कळल्यापासून जरा जास्तच). तुमचं नाव इतिहासाला घातलंय. जुन्या गोष्टी तुमच्याइतक्या कोणाच्या लक्षात राहतात?

ता. ता. क. तरीही एक जण कमी पडत होता, म्हणून तुमच्या बंधूंचंही नाव दिलं. वर्ग तुमचाच. त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते तेवढं तुम्ही सांगा. शक्यतो मी कामावर असताना.