गार भिंत

४ मे
डायरी पाडव्याला घेतली आणि लिहायला आज बसतोय. महिनाभर पिशवीत नुसती हिंडली, माझ्यासारखीच. असो. नवं काम लागलं, जुन्या बंगल्याच्या दुरुस्तीचं, आणि जागा झकास आहे! निमगाव केतकीच्या पुढं डाळिंबाच्या बागांत इंग्रज साहेबानं बांधलेला बंगला. उंच छत, सागवानी दारं, चारी बाजूंनी व्हरांडा. मालक यशराज पुण्यात राहतो, इथं पैसेवाले पाव्हणे उतरवणार. बंगल्याचं 'कॅरेक्टर' जपायचं म्हणे. फोनवर हा शब्द अकरा वेळा आला. गावातलं स्वतःच्या बापाचं घर पाडून काचेचं करताना कॅरेक्टर कुठं गेलं होतं, कोण जाणे.

जोडीला नरसिंहपूरचे झुंबरतात्या, गवंडी. कामापेक्षा बोलणं जास्त. मला म्हणाले, तुझ्या हाताला एक बी घट्टा न्हाय, तू काय शिकलास तरी काय? बाजारात भेळ खाल्ली. भेळवाल्याला कांदा चिरायची अक्कल नाही.

७ मे
सगळ्या भिंतींना चुन्याचे चार-पाच हात. मधल्या खोलीच्या एकाच भिंतीला थरावर थर. चाळीसपर्यंत मोजले, मग कंटाळलो.

पाणी भरायला प्रयागबाई येतात. त्या म्हणाल्या, ही भिंत त्या दरसाल पांढरी करायच्या, आधी त्यांची सासू. नवा चुना पाठीला लागतो, म्हणून माणूस टेकत नाही. मी म्हटलं, टेकलं तर काय होतंय? 'टेकल्यालं माणूस उठत न्हाय,' एवढंच बोलून घागर उचलली. अशा गोष्टींवर या बायांची आयुष्यं जातात.

यशराज म्हणाला, मूळ गिलाव्यापर्यंत खरवडा.

९ मे
खरवडलं. आतला गिलावा घोटून आरशासारखा केलेला, हात लावला तर माठासारखा गार. आणि बसल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर सात तेलकट डाग, एका रांगेत. कुठल्याही घरात बापये टेकून बसतात तिथं पडतात तसेच.

तात्या म्हणाले, आजच वरनं चुन्याचा एक हात देऊ. काम लांबवायचं, दुसरं काय! मी यशराजला फोटो पाठवला. डाग पण हेरिटेज आहेत, राहू दे, असं त्याचं उत्तर. आयुष्यात एकदाच त्या येड्याची बाजू घेतली.

११ मे
बेचाळीस डिग्री. जेवण झाल्यावर तात्या त्याच भिंतीला टेकले. लई गार हाय रं, म्हणाले. दोन तास उठले नाहीत. मला घट्टे विचारतो म्हातारा.

१२ मे
तात्या सकाळपासून टेकलेत. भाकरीला मुंग्या लागल्या. म्हटलं, तात्या, सासुरवाडीला आलाय काय? हसले. म्हणजे डोळे हसले, तोंड हललं नाही.

१३ मे
तात्यांना हाताला धरून ओढलं. उठत नाहीत. डोक्यामागं बघितलं. केस गिलाव्यात गेलेत. कानही अर्धे.

यशराजला फोन. म्हातारा नाटक करतोय, घरी पाठव, म्हणाला. पैशानं माजलेलं जनावर.

प्रयागबाईंनी दारातनंच बघितलं. घागर टाकली, ओरडल्या, चुना लाव, आज लाव, म्हंजी सोडंल! पोत्यात चिमूटभर नाही. सगळा व्हरांड्याला लावून बसलोय. इंदापूरला निघालो.

१४ मे
चुना आणला. पण काल नाही, आज. स्टँडवर दोन कंडक्टरांची जुंपली होती, ती बघत बसलो. शेवटची गाडी गेली. भांडण बघत बसलो मी —

तात्या नाहीत. भिंतीखाली धोतर, सदरा, टोपी. बसल्याच्या घडीत.

डाग आठ. आठवा ओला आहे.

१५ मे
पळायला पाहिजे. पण चुना लावला तर कदाचित — प्रयागबाई 'सोडंल' म्हणाल्या होत्या. भिजत घातलाय. उकळतोय अजून. ऊन डोक्यात गेलंय. भोवळ आली तेव्हा हात टेकला. फक्त हात.

गार.

१५ मे, दुपार
पाठ टेकलीय. कधी, माहीत नाही. आवाज निघत नाही. हात तेवढा चालतोय. बादली चार पावलांवर.

मागं कुणीतरी सरकतंय. एसटीत सरकून जागा देतात तसं —

चपला वाजल्या. व्हरांड्यात. यशराज असला तर बरं, बसू दे त्याला —

यशराज नाही. बाई. तात्यांची बायको, सिंधुबाई. नरसिंहपूरवरनं आली. चार दिस फोन उचलत न्हाईत, कुठं हाईत आमचं मालक, विचारतेय. घामानं भिजलीय. तू असा का बसलायस रं लेकरा, म्हणते —

वही तिच्यापुढं धरली. टेकू नका, मोठ्या अक्षरात. तिनं नुसतं बघितलं. मला वाचाया येत न्हाय, म्हणाली, आणि पदरानं वारा घेत माझ्याशेजारी बसली.

अजून ताठ बसलीय. मी डोळ्यांनी नको — नको — म्हणतोय. ती भिंतीला हात लावून बघतेय. काय गार हाय गं बाई, म्हणते, आणि पाठ —