'निरंक' खोडून 'एक' लिहिणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
घातक पदार्थ नियंत्रण संयुक्त समिती (नगरपालिका व रसायन कारखाना),
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : गळती-सरावाच्या अहवालातील 'जीवितहानी : निरंक' ही नोंद दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : पुढील सरावास हजर राहण्याची आपली सूचना.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, मी शिलाईकाम करते. माझा धाकटा भाऊ नगरपालिकेच्या पाट्या रंगवीत असे व आपल्या सरावात सहा वर्षे मेलेल्याचे काम करीत असे. गल्लीत त्याला 'मयतभाऊ' म्हणत. त्या सकाळीही "ताई, मरून येतो, जेवण झाकून ठेव," असे सांगून तो गेला.

२. सरावासाठी रिकामी टाकी कारखान्याने पाठवायची व ती रिकामी असल्याची खात्री नगरपालिकेने करायची, अशी वाटणी आहे. कारखान्याला वाटले, नगरपालिका बघेलच. नगरपालिकेला वाटले, कारखान्याने बघूनच पाठवली असेल. टाकी वायूने भरलेली होती. पथकातल्या सगळ्यांना मुखवटे होते. मेलेल्याला मुखवटा देण्याची पद्धत नाही.

३. शिट्टी होईपर्यंत हलायचे नाही, हा आपला नियम. भाऊ नियमाचा पक्का. तरी तो खोकला, दोनदा मान उचलली, हात वर केला. आम्ही लांब दोरीमागे होतो, वारा आमच्या पाठीकडून होता. आपले सुरक्षा अधिकारी म्हणाले, "वा, आज काय जीव ओतलाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, मीही वाजवल्या. ते हात आता मशीनवर चालत नाहीत.

४. अहवालात मात्र 'सराव यशस्वी, जीवितहानी : निरंक' असे आहे. म्हणून मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीवरचे कारकून म्हणतात, "बाई, तो सरावात मेलाय. खरा मेल्याचा कागद आणा." कागदासाठी कारखाना नगरपालिकेकडे पाठवतो, नगरपालिका कारखान्याकडे. या कामी आपले परस्पर सहकार्य खरोखर वाखाणण्याजोगे आहे.

५. भरपाई मागत नाही. 'निरंक' खोडून 'एक' लिहावे. ते जमत नसेल तर माझा भाऊ गेला कुठे, हे तरी लेखी कळवावे.

६. दरम्यान, मागील उत्कृष्ट कामगिरीमुळे त्याची पुन्हा निवड झाली असून त्याने सोमवारी दहा वाजता हजर राहावे, अशी आपली सूचना घरी आली आहे. तो येऊ शकत नाही. त्याच्या जागी मी येईन, टाकीशेजारी झोपेन, आणि नोंद दुरुस्त होईपर्यंत शिट्टी झाली तरी उठणार नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार, मयताची थोरली बहीण
दिनांक : सरावानंतरचा चाळिसावा दिवस

सोबत : १) अहवालाची प्रत २) आपली सूचना ३) भावाच्या गळ्यातली 'नकली मृत' ही चिठ्ठी (मूळ, परत मिळावी)