धोटा मध्येच असताना

२३ सप्टेंबर २०१०, गुरुवार

मशीनं आली एकदाची! विसर्जनाच्या गर्दीत टेम्पो दोन दिवस अडकून होता. दोन सर्व्हर आणि दोघांत मिळून एक डिस्क. प्रभादेवीच्या ऑफिसात मागच्या खोलीत लावली. खोलीला खिडकी नाही. एसी आहे, तो गळतो. खाली बादली.

काम असं — जुन्या गिरणी कामगारांची घरांसाठी नावनोंदणी. तीन काउंटर : लालबाग, वरळी, गिरगाव. तिथला माणूस नाव टाइप करणार, पावती देणार. नाव निरोपासारखं आमच्याकडे येणार, रांगेत थांबणार, मग मुख्य यादीत उतरणार. एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं. रांगेतल्या माणसाला कळता कामा नये. नोंदणी २९ ऑक्टोबरपर्यंत. त्यानंतर एकही नाव घेणार नाहीत.

उत्तम म्हणाला, "सुनेत्रा, हे तर तुझ्या घरचंच काम." उत्तम माझा साहेब, वयाने चार वर्षांनी लहान. मी वायर जोडत राहिले.

२५ सप्टेंबर, शनिवार

अप्पांनी विचारलं, "तिथे नक्की काय करतंस गो?" लेक नोकरीला लागून बारा वर्षं झाली. आज पहिल्यांदा विचारलं.

काय सांगणार? एम.ए. मराठीत केलं, पोट मशीनवर. शब्द शोधत बसले. मग म्हटलं, "दोन मशीनं आहेत. एक कायम, एक बदली. कायमवाला पडला की बदलीवाला उभा राहतो."

अप्पांनी पेपर खाली ठेवला.

ते स्वतः नऊ वर्षं बदली. रोज सकाळी पास घेऊन गिरणीच्या गेटवर उभं राहायचं. कोणी आजारी, कोणी गावाला, तर त्या दिवसापुरतं काम. नाहीतर घरी. ब्याऐंशीत कायम होण्याची पाळी आली असं ते म्हणतात. जानेवारीत संप झाला. संप संपला असं कोणी येऊन सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "साचा बंद पडला तेव्हा धोटा मध्येच असला तर?"

मला कळलं नाही. त्यांनी हातानेच दाखवलं. मागाला ते साचा म्हणतात. आडवा धागा घेऊन धोटा या पेटीतून त्या पेटीत धावतो. माग बंद पडला की बदलीवाला आधी धोटा कुठे आहे ते बघतो. पेटीत असला तर ठीक. मध्येच असला आणि तसाच चालू केला, तर उभ्या धाग्यांच्या शेकडो तारा एका दणक्यात तुटतात.

मी म्हटलं, "आमच्यात तसं होत नाही अप्पा. नाव डिस्कवर उतरणं आणि पावती छापणं एका गाठीत बांधलेलं आहे. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. पावती हातात आली म्हणजे नाव गेलं. पक्कं."

"पक्कं?"

"पक्कं."

तसंच पुढे म्हटलं, तुम्हीही भरा ना फॉर्म. पास ट्रंकेत आहेच. तर, "बदलीवाल्याक कोण घर देता?" आणि पेपर परत तोंडासमोर.

२९ सप्टेंबर

दोन्ही मशीनं एकमेकांची नाडी बघू लागली. सेकंदाला एकदा.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर भांडण. निरोपांची सेवा उठेचना. आधी डिस्क यायला हवी, मग मशीनचं नाव, मग त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, मग ती. मी क्रम उलटा दिला होता. गाठ बांधणारी सेवाही सामायिक डिस्कवर नेली. संध्याकाळी सगळं पहिल्यावरून दुसऱ्यावर हलवून पाहिलं — चौतीस सेकंद. उत्तमने टाळ्या वाजवल्या.

मला खरी चाचणी हवी होती. निरोप धावत असताना पहिल्याची वायर उपटायची. उत्तम म्हणाला, "पागल है क्या? सोमवारी उद्घाटन आहे, हारांची ऑर्डर गेलीय. काही जळलं तर?"

चाचणी झाली असं लिहून मी सही केली. चाचणीच्या वेळी रांग रिकामी होती, हे फक्त इथे लिहिते.

४ ऑक्टोबर

उद्घाटन. हार. भाषण. यंत्रं चालू.

६ ऑक्टोबर, बुधवार

फार हळू चाललंय. लालबागच्या काउंटरवर जाऊन पाहिलं. एका पावतीला दीड मिनिट. रांग वळून मागच्या गल्लीत गेलेली. बरीच जणं चपला रांगेत ठेवून सावलीला बसली होती. चपलांचीच रांग! एक चप्पल पुढे सरकली की मागचा आपली सरकवायचा.

आमच्या मजल्यावरचा कुशाबा रांगेत होता. मला पाहून ओरडला, "काय गो सुनेत्रा, तुझं मशीन पण संपावर गेलं काय?"

सगळे हसले. मीही. मग एक म्हातारा उठताना भिंतीला धरून बराच वेळ तसाच थांबलेला दिसला.

परत येऊन उत्तमला सांगितलं. तो म्हणाला, "पब्लिक शिव्या घालतंय मला फोनवर. काहीतरी कर ना यार."

केलं. प्रत्येक निरोप डिस्कवर लिहून, खात्री होऊन मग पावती — वेळ त्यातच जातो. गाठ सोडली. आता निरोप नुसता मेमरीत राहतो आणि पावती लगेच छापते. सोमवारपर्यंतच. गर्दी ओसरली की परत बांधीन.

७ ऑक्टोबर

रांग पळाली! पावती दहा सेकंदांत. कुशाबाने आपली लॅमिनेट करून आणली, अप्पांना दाखवली. अप्पांनी उलटसुलट करून पाहिली.

११ ऑक्टोबर, सोमवार

आज गाठ परत बांधायची होती. उत्तम — "चाललंय ना? हात लावू नको."

लावला नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी दोन चाळीसला पहिला सर्व्हर गेला. पॉवर सप्लाय जळाला, खोलीत वास. दुसरा अडतीस सेकंदांत उभा राहिला. काउंटरवर कुणाला पत्ता नाही. उत्तमने वडापाव मागवले. "मानलं तुला! तुझा बदली एक नंबर."

दोन खाल्ले.

सहा वाजता जुळणी करायला बसले. दिलेल्या पावत्या आणि उतरलेली नावं. एक्केचाळीसचा फरक. दुपारी मुख्य यादीची नक्कल काढणं चालू होतं, तेवढा वेळ ती नवं नाव घेत नाही, म्हणून दोन दहापासून निरोप रांगेत साचले होते. मेमरीत. पहिल्या मशीनच्या मेमरीत. ती त्याच्याबरोबर गेली.

दुसरं मशीन उभं राहिलं ते रिकाम्या हातांनी. धोटा मध्येच होता.

घरी आले तर अप्पा नुकतेच येऊन हातपाय धूत होते. सिद्धिविनायकाला गेलो होतो म्हणाले. प्रसाद विसरले म्हणे. मी न जेवताच आडवी झाले.

१३ ऑक्टोबर, बुधवार

गाठ बांधली. आता रांग हळू चालू दे.

काउंटरवाले कागदपत्रं बघून परत देतात, नाव कुठेच राहत नाही. आमच्याकडे फक्त पावत्यांचे नंबर. एक्केचाळीस नंबर, माणसं नाहीत. उत्तम म्हणाला, "ज्याचं नाव नाही तो येईल बोंबलत." मी म्हटलं, पावती हातात असलेला माणूस कशाला येईल? तो निर्धास्त झोपेल.

शेवटी तिन्ही काउंटरवर कागद लावायचं ठरलं — बाराला दुपारी पावती घेतलेल्यांनी ती घेऊन परत यावं. कारण लिहायचं नाही. उत्तमची अट. मी मान्य केली.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

जेवताना अप्पा — "काउंटरवर कागद लागलाय म्हणे. कुशाबा सांगत होता. पावत्यांची काय भानगड?"

सांगायला हवं होतं. त्यांनीच तर विचारलं होतं सगळ्यात आधी. मशीन शिकलेल्या एकालाही तो प्रश्न सुचला नाही. मलाही नाही.

म्हटलं, "किरकोळ आहे. काही पावत्या नीट छापल्या नाहीत. त्यांना परत बोलावलंय."

"मग धोटा?"

"पेटीत आहे अप्पा."

"बरं." आणखी भात मागून घेतला. फार दिवसांनी.

खोटं बोलले. लहानसं. लाज वाटली म्हणून.

१८ ऑक्टोबर

सतरा आले. दसऱ्याची सुट्टी मध्ये गेली.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

एकोणतीस.

राधाबाई नावाच्या बाई आल्या. नवरा गिरणीत होता, वारला. पावती देवाच्या फोटोमागे ठेवलेली, कुंकू लागलेलं. मला म्हणाल्या, "बाय, पयल्यांदा भरलं ता खोटा होता काय?" मी त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

२४ ऑक्टोबर, रविवार

वरळीला बीडीडी चाळीत फिरले. वरळी काउंटरचे अजून पाच जण बाकी. इमारतीमागून इमारत, जिन्यात उभं राहून विचारायचं, बाराला कोणी पावती घेतली का. तिघे सापडले. एकाने चहा पाजला आणि मग म्हणाला, "आम्हाला वाटलं होतं, कॉम्प्युटर आला म्हणजे मुकादम गेला."

पाय सुजलेत. अप्पांनी गरम पाण्याची पिशवी दिली. कुठे गेली होतीस, हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर

चाळीस. राहिला एक. वरळी १८०६.

२८ ऑक्टोबर

वरळी १८०६. पेपरात दोन ओळी छापून आणल्या, पदरचे पैसे घालून. काउंटरवरच्या पोरीला विचारलं, कोण होतं आठवतंय? "मॅडम, सगळे म्हातारे सारखेच दिसतात."

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

पाचला शटर. सहापर्यंत थांबले. कोणी आलं नाही.

उत्तम म्हणाला, "मेला असेल कोणीतरी. नाहीतर एकाच माणसाने दोनदा भरलं असेल. डुप्लिकेट लिही आणि बंद कर."

१८०६ समोर डुप्लिकेट लिहिलं. खाली सही. या कामातली माझी दुसरी खोटी सही. पहिली केली तेव्हा हात जरा थांबला होता.

३ नोव्हेंबर

धनत्रयोदशी. अप्पांनी स्वतः उटणं आणलं. गुणगुणत होते काहीतरी. संपाच्या आधी गुणगुणायचे असं आई सांगायची. मी कधी ऐकलं नव्हतं.

विचारलं, खूश दिसताय? "सण आहे गो."

१४ नोव्हेंबर, रविवार

याद्या लागल्या. अप्पा सकाळीच बाहेर पडले, मला न सांगता. दुपारी आले. चपला न काढता दारातच उभे राहिले. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पावती.

"नाव दिसलं की मगच तुला सांगू म्हटलं," ते म्हणाले. "तीनदा वाचली यादी. जरा बघ गो. छापलीय तर नीट."

मी हात पुढे केला. नंबर वाचला नाही. पाठ होता.