टेकाडावरची तीन रिंगणं

सास्काटून, २२ एप्रिल

स्टेफका, तुला ओरेस्टदादाचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. लेक बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी करून पोटभर खाऊ घालते. तुझे गुडघे कसे आहेत?

शुक्रवारी नातीच्या शाळेत कार्यक्रमाआधी, इथल्या हल्लीच्या रिवाजाप्रमाणे, मी कागदावरून वाचलं, की ही जमीन मुळात इथल्या आदिवासी क्री लोकांची. मंचावरून खाली उतरलो तर ॲग्नेस नावाची क्री म्हातारी म्हणाली, "छान वाचलंत, बाबा. मग सामान कधी बांधताय?" सगळे हसले, मीही हसलो. मग तिनं हळूच विचारलं, "तुमच्या शेतात आमच्या जुन्या तंबूंच्या कडा दाबायला मांडलेली दगडी रिंगणं होती का हो?"

मी नाही म्हणालो. जमीन जाईल या भीतीनं की लाजेनं, मलाच कळत नाही. पेरणीआधी दगड वेचताना आपल्या बाबांनी किती रिंगणं मोडली, आणि आपण दोघं ते दगड गाडीत भरत होतो.

टेकाडावर अजून तीन शिल्लक आहेत. तुझा लेक मायरन यंदा तिथंही दगड काढायचं यंत्र नेणार म्हणत होता. फोन तोच उचलतो, म्हणून लिहितोय. त्याला थांबव. मला वेडा म्हणेल, म्हणू दे. ॲग्नेसबाईंना खरं सांगायला मी उद्याच जाणार आहे; त्यांना नेऊन दाखवायला काही उरलंय का, ते पत्र मिळताच मला कळव.

तुझा,
ओरेस्टदादा